विजारीचा डोह

बकहॉर्न ओढ्याच्या प्रत्येक डोहाला नाव आहे, आणि त्यातलं एकही कुणी विचार करून ठेवलेलं नाही. खेचर बुडालं तो खेचराचा डोह. पुरात वाहत आलेली लोखंडी चूल जिथं खडकात अडकली आणि आजही पाणी उतरलं की दार उघडं टाकून बसलेली दिसते, तो चुलीचा डोह. चुलीच्या डोहाच्या जरा वर ओढा चुनखडीच्या कड्यावर डोकं आपटतो आणि डावीकडे वळतो. तिथं सायकमोरच्या झाडाच्या मुळांखाली पाणी हिरवं, खोल आणि गप्प असतं. तो व्हर्लिनच्या विजारीचा डोह. व्हर्लिन म्हणजे मी. विजारही माझीच.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमधला रविवार होता, लग्नाला तीन आठवडे झाले होते, आणि मी चर्चऐवजी ओढ्यात होतो. माझ्याकडे मेहुण्याचा, डॉयलचा, नवाकोरा गळ होता. त्याला न विचारता आणलेला. पहिल्याच फेकीत तो मुळांत अडकला. गळ परत न्यायलाच हवा होता, म्हणून विजार काढून फांदीवर टाकली आणि बुडी मारली. गळ घेऊन वर आलो तर फांदी रिकामी.

खाली बाप्तिस्म्याच्या डोहात ब्रदर हॅस्केल नऊ माणसांना बाप्तिस्मा देत होते. वाळूवर सगळी मंडळी गात उभी. सहावा माणूस पाण्यातून वर आला, सातवा पुढं सरकला, आणि वळणावरून माझी विजार आली. हवा भरून फुगलेली, दोन्ही पाय ऐसपैस पसरून, एखादा सद्गृहस्थ जेवण करून उताणा पोहत निघावा तशी. ती सरळ जाऊन सातव्या माणसाच्या पोटाला थडकली. सातवा माणूस डॉयल. गाणं थांबलं. ब्रदर हॅस्केल म्हणाले, "हा दहावा कोण?" आणि काठावरून माझी बायको नदीन, जिनं त्या विजारीला स्वतःच्या हातानं दुमड घातली होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तो माझा नवरा. पण उरलेला कुठाय कोण जाणे."

झालं. त्या दिवसापासून डोहाला नाव पडलं.

बकहॉर्नवर पडलेलं नाव बदलायची एकच वाट आहे. त्याच डोहात, पाण्यात उभं राहून, वीस इंचांचा किंवा त्याहून मोठा बास मासा पकडायचा. तळ्यातला ढेरपोट्या बास नव्हे. आमच्या ओढ्यातला, तांबूस, लाल डोळ्यांचा, लहान तोंडाचा. साक्षीदारासमोर तो ओलेटा क्रॅबट्री यांच्या काठीवर मोजायचा आणि तिथंच सोडायचा, जिवंत. मग पकडणारा म्हणेल ते नाव. ती काठी हिकरीच्या लाकडाची, ओलेटाबाईंच्या आजोबांची, वीस इंचांवर एक खोल खाच. माझ्या आयुष्यात त्या खाचेला माशाची शेपूट लागलेली मी दोनदा पाहिली, आणि दोन्ही वेळा मासा दुसऱ्याच्या हातात होता.

वीस इंच म्हणजे काय, हे ज्यांनी असल्या ओढ्यात पाय घातला नाही त्यांना कळायचं नाही. आमचा ओढा काही ठिकाणी इतका अरुंद आहे, की खारीला पलीकडे जायला शेपूट हलवावी लागत नाही. तेवढ्या पाण्यात बास वर्षाला बोटभर वाढतो. बारा इंची मासा आला की माणूस हसतो, सोळा आला की घरी फोन करतो. एकदा मी साडेएकोणीस धरला होता. साडेएकोणीसला बकहॉर्नवर टाळ्या मिळतात, नाव मिळत नाही. वीसच्या वरचे माझ्या गळाला किती लागले आणि सुटले ते मी सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. त्या मोठ्या दुष्काळात ओढ्यातल्या माशांच्या मागं धुरळा उडायचा आणि मी त्यांच्यावर झारीनं पाणी मारायचो, हे मी एकदा सांगितलं. तेव्हापासून माझ्या शब्दाला दोन साक्षीदार लागतात.

तर या वर्षीच्या जूनमध्ये एका गुरुवारी मी ओलेटाबाईंच्या दुकानात गेलो. गळ, दोरी, कोंबड्यांचं खाद्य आणि चुलीवर सदोदित उकळणारी कॉफी, असं ते दुकान. डॉयल खाद्याच्या पोत्यावर बसून शेंगा सोलत होता. ओलेटाबाई चष्मा नाकावर उतरवून एक कागद वाचत होत्या.

"वरच्या पुलाशी फलक लावतायत," त्या म्हणाल्या. "त्यावर सगळा ओढा नकाशासारखा काढणार, सगळे डोह, नावांसकट. नावं मी भरून द्यायचीत."

"उत्तम," मी म्हणालो. "माझ्या डोहापुढं कड्याचा डोह लिहा."

"कड्याचा डोह नावाचा डोह नाही."

"कडा आहे ना तिथं."

"कडा आहे. नाव नाही."

"फलक कशाचा हो?" डॉयलनं विचारलं. त्याचा आवाज गोड झाला की मला खाज सुटते.

"लोखंडाचा. शंभर वर्षं टिकतो म्हणतायत."

"शंभर वर्षं," डॉयलनं शेंगदाण्याबरोबर ते शब्दही चावून घेतले. "म्हणजे ओढा आटेल, पण विजार वाळायची नाही."

मी हसलो, कारण न हसलो असतो तर त्याला जास्त मजा आली असती. पण आत काहीतरी खचलं. नदीन होती तोवर त्या नावाचं मला काही वाटलं नाही. तिला हसू यायचं, आणि त्या हसण्यासाठी मी आणखी दोन विजारी वाहू दिल्या असत्या. तिला जाऊन चार वर्षं झाली. मी चौऱ्याहत्तरचा. त्या ओढ्याचा प्रत्येक दगड मी तळपायानं ओळखतो, आणि उद्या कुणीतरी अनोळखी माणूस त्या फलकासमोर उभा राहून बायकोला म्हणणार, हा व्हर्लिन कोण गं? तर एक विजार.

"कागद कधी जाणार?" मी विचारलं.

"शनिवारी दुपारी बाराला टपालाची गाडी येते. तिच्यातून."

"मग शनिवारी बाराच्या आत मी वीस इंच दाखवतो."

डॉयलच्या हातातली शेंग थांबली. ओलेटाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ऐंशी वर्षांच्या बाई, तीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलेल्या. त्यांनी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलं कुणी ऐकलं नाही, आणि त्यांना ते जमलं तरी कुणाला पटलं नसतं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "शनिवारी दहाला मी वरच्या पुलावरून जाईन. तुझा ट्रक तिथं दिसला तर काठी घेऊन खाली उतरेन. नाही दिसला तर पुढं जाईन. त्या खाजऱ्या वेलींतून अर्धा मैल मी उगाच तुडवणार नाही."

"आणि मासा त्याच डोहात मोजायचा," डॉयल म्हणाला. "घरून बादलीत आणलेला चालायचा नाही."

"तुला कोण बोलावतंय?"

"बोलावायला कशाला लागतं? पहिल्या वेळी तरी कुठं बोलावलं होतंस. विजारच आली होती आमंत्रण द्यायला."

शनिवारी उजाडता उजाडता मी निघालो. खिशात दोन जाड, पावासारखी बिस्किटं, मध्ये सॉसेज. गिरणीच्या पुलाखाली, सायकमोरच्या आड, नेहमीसारखा ट्रक लावला. जुने कापडी बूट चढवले, खाकी विजारीचे खांद्यावरचे पट्टे आवळले आणि पाण्यात उतरलो.

जूनच्या सकाळी त्या पाण्यात पहिलं पाऊल टाकलं, की थंडी घोट्यातून निघते आणि थेट दाढेत पोचते. दुसऱ्या पावलाला माणूस पन्नासचा होतो. मांडीपर्यंत पाणी आलं की पंचविशीत. म्हणून तर मी गुडघ्याचं औषध घेत नाही. ओढ्यात चढायचं ते नेहमी वरच्या अंगाला, पाण्याच्या तोंडावर. तुम्ही उडवलेला गाळ मागं वाहून जातो, आणि मासे पुढं तोंड करून खाणं येण्याची वाट बघत असतात, त्यांच्या पाठीमागून तुम्ही येता. चोरासारखं चालायचं. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. गोट्यांचा आवाज होऊ द्यायचा नाही.

उथळ्यावर मी चपटे दगड हलक्या हातानं उलटायला लागलो. मला हवा होता कात टाकलेला झिंगा. ओढ्यातला झिंगा कात टाकतो तेव्हा दोन दिवस लोण्यासारखा मऊ असतो, आणि त्याच्यासाठी म्हातारा बास आपलं घरदार सोडतो. सदतीस दगड उलटले. अडतिसाव्याखाली एक होता, करंगळीएवढा, फिकट, बावरलेला. तोंडात बिस्किट धरून मी त्याला ओंजळीत घेतलं. एकच मिळाला. एकच पुरे होता.

खेचराच्या डोहाला वळसा घातला. चुलीच्या डोहातून एक बगळा उठला आणि माझ्याकडे असं बघून गेला जसा तो साक्षीदार व्हायला तयार नव्हता. नऊ वाजून गेले तेव्हा मी विजारीच्या डोहाच्या शेपटाशी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. कड्यावर ऊन उतरायला लागलं होतं, मुळांखाली अजून सावली होती. झिंग्याला शेपटीत गळ टोचला. वजन लावलं नाही. फेकला तो मुळांवर नाही, दहा हात वर, पाण्याच्या धारेत, म्हणजे धारच त्याला घेऊन जाईल आणि मुळांच्या दारात ठेवेल.

दोरी बोटावर घेऊन उभा राहिलो. धार झिंग्याला नेत होती. एक हात. दोन हात. सावलीत गेला. दोरी थांबली.

मुळाला अडकली की दोरी एका तऱ्हेनं थांबते, आणि तोंडात गेली की दुसऱ्या तऱ्हेनं. फरक सांगता येत नाही. शेजारच्या खोलीत कुणी श्वास रोखून उभं असलं की कळतं ना, तसं. मी तीनपर्यंत मोजलं आणि गळाची काठी झटक्यानं उचलली.

मुळांखालचं पाणी फुगलं. मग ते फुटलं आणि मासा बाहेर आला, सगळाच्या सगळा, हवेत आडवा. घासून ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यावर ऊन पडावं तसा. डोळा लाल. त्यानं माझ्याकडे बघितलं, शपथेवर सांगतो, आणि मला ओळखलं. पडला तेव्हा कड्यावर पाणी उडालं. ते अजून वाळलेलं नाही असं मी म्हणतो तेव्हा लोक मान हलवतात, पण जाऊन बघत कुणी नाही.

तो मुळांकडे वळला. मुळांत गेला की संपलं, एक्केचाळीस वर्षं संपली. मी दोरीच्या चाकावर अंगठा दाबला, काठी पाण्यात खुपसली आणि त्याला खालून वळवला. काठीनं असा आवाज केला जसा म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना करतो. तो वळला आणि सुसाट माझ्याच दिशेनं आला, माझ्या दोन पायांच्या मधून गेला. मी एका पायावर गिरकी घेतली. काठी या हातातून त्या हातात. गुडघा म्हणाला, व्हर्लिन, हे आपलं वय नाही. मी म्हणालो, गप्प बस, नंतर बोलू. मासा खालच्या उथळ्याकडे निघाला, दोरी घेऊन, मला घेऊन. मी गोट्यांवरून धडपडत त्याच्या मागं पळत होतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कमरेएवढ्या पाण्यात, आणि तोंडानं काय बडबडत होतो देव जाणे. नदीनचं नाव घेत होतो असं वाटतं.

आणखी दोनदा उडाला. दुसऱ्यांदा उडी लहान होती. मग तो कुशीवर झाला, पुन्हा सावरला, पुन्हा कुशीवर झाला. मी उथळ पाण्यात गुडघे टेकले, त्याच्या खालच्या ओठात अंगठा घातला आणि धरला.

माझ्या गळाच्या काठीच्या मुठीपासून दोरी ओवायच्या दुसऱ्या कडीपर्यंत बरोब्बर वीस इंच भरतात. मासा काठीशी धरला. शेपूट दुसऱ्या कडीच्या पुढं गेली.

मी तिथंच पाण्यात बसलो. मासा पाण्यातच ठेवला होता, तोंड धारेकडे, कल्ले उघडझाप करत होते. खिशातलं घड्याळ काढलं. दहाला तीन मिनिटं. अहाहा. आता ओलेटाबाई वरच्या पुलावर येणार, माझा ट्रक बघणार, काठी घेऊन उतरणार.

माझा ट्रक.

माझा ट्रक दीड मैल खाली गिरणीच्या पुलाशी होता.

आता हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बकहॉर्नवर कुणीही शहाणा माणूस जिथं मासे मारतो तिथं ट्रक लावत नाही. आपला डोह दुसऱ्याला कळू नये म्हणून ट्रक एका पुलाशी, आपण दुसऱ्याच वळणावर. पन्नास वर्षं हेच. आईच्या दुधाबरोबर शिकतो आम्ही ते. मी त्या सकाळी असल्या डोहावर निघालो होतो ज्यावर माझं नाव आहे, जो सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, आणि जिथं मला कुणीतरी शोधून काढावं म्हणून मी देवाची प्रार्थना केली होती. तरीही माझ्या हातांनी चाक फिरवलं आणि ट्रक नेऊन लपवला.

वरच्या पुलाच्या तीन फळ्या सैल आहेत. गाडी गेली की खड खड खड. ती खडखड मला स्पष्ट ऐकू आली. गाडी थांबली. इंजिन घुटमळलं. मी ओरडलो. कडा, उथळा आणि अर्धा मैल झाडी यांच्यापुढं म्हाताऱ्याचा घसा तो किती. पुन्हा इंजिन गुरगुरलं आणि गाडी पुढं निघून गेली.

हातात वीस इंच, घड्याळात दहा, आणि साक्षीदार म्हणून तो बगळा. तोही परत आला नव्हता.

मासा दोरीत ओवून ठेवावा तर कल्ला फाटतो आणि सोडल्यावर तो स्वतःच्या शेपटीनं पोहत जाऊ शकत नाही, नियम मोडतो. हातात घेऊन रस्त्यापर्यंत जावं तर डोह सुटतो. सोडून द्यावा तर मग व्हर्लिननं आणखी एक वीस इंची सोडला, ही गोष्ट डॉयलच्या पोत्यावर कायमची बसणार. बादली नाही. जाळं नाही. पिशवी नाही. मी खाली बघितलं.

माझ्या अंगावर पाणी आतबाहेर करणारं, दोन्ही टोकांना बांधता येणारं, बास मावेल एवढं एकच भांडं होतं.

विचार करायला वेळ नव्हता, नाहीतर मी हे केलं नसतं. अंगठा माशाच्या ओठात ठेवून एका हातानं विजार उतरवणं सोपं नाही. ज्यांना सोपं वाटतं त्यांनी वाहत्या पाण्यात करून बघावं. दातांनी आणि हातानं दोन्ही पायांना गाठी मारल्या. मासा कमरेतून आत सरकवला. त्यानं मान्य केलं. शेपूट उजव्या पायात, डोकं कमरेशी, तोंड धारेकडे, अगदी घरच्यासारखा. खांद्याच्या पट्ट्यांनी कंबर आवळली आणि पट्टे एका मुळाला, सरकणार नाहीत अशा गाठीनं, बांधले. त्या गाठीची मी तीनदा परीक्षा घेतली. एक्केचाळीस वर्षांत माणूस काहीतरी शिकतोच. पाणी कापडातून वाहत होतं. विजार धारेत हलत होती, आतून श्वास घेत होती.

"हलू नकोस," मी तिला म्हणालो, आणि निळ्या पट्ट्यांच्या चड्डीत, ओल्या सदऱ्यात, रस्त्याकडे पळत सुटलो.

वाळू ओलांडून वेलींच्या वाटेला लागलो न लागलो तोच समोरून आवाज आला.

"बाई, डोळे मिटा," डॉयल म्हणत होता. "नाहीतर नका मिटू. साक्षीदाराला मिटून चालत नाही."

समोर डॉयल, आणि त्याच्या मागं हिकरीची काठी टेकत ओलेटाबाई. मी सदरा खाली ओढला. तो तेवढा लांब नव्हता.

"तुम्ही निघून गेलात," मी म्हणालो. "गाडी पुढं गेली, मी ऐकलं."

"गेले," ओलेटाबाई शांतपणे म्हणाल्या. "वरच्या पुलाशी ट्रक नव्हता. म्हणून गिरणीच्या पुलाशी जाऊन बघितलं. तिथं होता. म्हणजे तू तिथं नाहीस हे नक्की झालं. तसं परत आले. वाटेत हा उभा होता."

"मी साडेनऊलाच ट्रक बघितला," डॉयल म्हणाला. "म्हटलं, ट्रक तिकडं लपवलाय म्हणजे गडी इकडं आहे. पन्नास वर्षांत तू एकदा तरी ट्रकच्या मैलभर आसपास सापडलायस का? अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे ते."

"ठाऊक आहे?"

"तू ट्रक लावलास की आम्ही त्या बाजूला शोधतच नाही."

मी तिथं उभा होतो, अर्धा कपड्यात. अर्धा तास, फक्त अर्धा तास मासा धरून गप्प बसलो असतो तर विजार अंगावर राहिली असती.

"पण तू असा का?" ओलेटाबाईंनी माझ्या डोक्याच्या जरा वर बघत विचारलं.

"मासा विजारीत आहे."

डॉयलनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बाई, दुष्काळात झारीनं पाणी मारायचा तोच हा माणूस."

"चला," मी म्हणालो. "बोलू नका, चला."

आम्ही डोहाशी पोचलो. मुळाशी विजार होती. आमच्या तिघांच्या देखत तिनं उजवा पाय झाडला. डॉयलचं तोंड उघडं राहिलं. ते मिटलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय, पण आवाजाशिवाय उघडं पहिल्यांदाच पाहिलं.

मी पाण्यात उतरलो, पट्टे सोडले, हात आत घातला आणि मासा बाहेर काढला. तो ताजा होता, चिडलेला होता, आणि मघापेक्षा मोठा दिसत होता. ओलेटाबाई बुटांसकट गुडघाभर पाण्यात आल्या. त्यांनी काठी ओली केली, कारण कोरडी काठी माशाच्या अंगाचा चिकटा काढते, आणि पाण्यावर आडवी धरली. मी माशाचं नाक काठीच्या टोकाशी टेकवलं.

"तोंड मिट त्याचं," त्या म्हणाल्या. मी मिटलं. "शेपूट सरळ." सरळ केली.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. ओढ्याचा आवाज बंद झाला होता, किंवा मला ऐकू येत नव्हता.

"डॉयल, इकडं ये. तूही बघ."

डॉयल पाण्यात आला. दोघांची डोकी खाचेवर वाकली.

"खाच दिसत नाहीये," डॉयल म्हणाला.

"दिसत नाही कारण शेपटीखाली आहे," ओलेटाबाई म्हणाल्या. "वीस आणि वर पाऊण. मी बघितलं."

मी अंगठा काढला. मासा लगेच गेला नाही. माझ्या उघड्या पोटरीच्या सावलीत क्षणभर थांबला, जसं काही विसरलंय का ते आठवतोय. मग शेपटीचा एक झटका, आणि मुळांखालच्या हिरव्यात मिसळून गेला. माझ्या डोळ्यांत पाणी उडालं होतं.

ओलेटाबाईंनी पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली. "अकरा वाजलेत. नाव सांग."

नाव एक्केचाळीस वर्षं तयार होतं. व्हर्लिनचा विजय. कधीकधी व्हर्लिनचा महाविजय. मी तोंड उघडलं.

"एक विचारू?" डॉयल म्हणाला. "लोक विचारतील, मासा पकडला दहाच्या आधी, मोजला त्यानंतर कितीतरी वेळानं. तोवर जिवंत ठेवला कसा? काय सांगायचं?"

"सांगायचं काय त्यात? ठेवला."

"मला विचारलं तर जे बघितलं ते सांगेन," ओलेटाबाई म्हणाल्या. "सगळं."

"चड्डीचे पट्टे?" मी विचारलं.

"रंग विचारला तर रंगही."

मी पाण्यात उभा राहून विचार केला. माझं एकट्याचं कुणी ऐकणार नव्हतं. वीस आणि पाऊण इंच फक्त ओलेटाबाईंच्या तोंडून खरे होते, आणि त्यांच्या तोंडून ते विजारीशिवाय बाहेर पडणार नव्हते. विजार पुसली तर मासाही पुसला जातो. आणि खरं सांगू? सत्तर वर्षं मी गोष्टी रचल्या, पण बास विजारीत राहायला घातला, एवढी चांगली मला एकही सुचली नव्हती. हिला नाव 'महाविजय' द्यायचं म्हणजे चांगल्या रश्श्यात साखर घालायची.

"आहे तेच राहू द्या," मी म्हणालो.

डॉयल चमकला. "काय?"

"व्हर्लिनच्या विजारीचा डोह. पण खाली बारीक अक्षरांत लिहा, वीस आणि पाऊण इंच. आणि साक्षीदार म्हणून तुमचं नाव."

ओलेटाबाईंनी ओल्या हातानं लिहिलं, सावकाश, शाळेतल्या अक्षरात. मग कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि पहिल्यांदाच हसल्या. "नदीनला आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "आता विजार घाल."

टपालाची गाडी मिळाली. फलक ऑगस्टमध्ये लागला. तो बघून रोज कुणीतरी दुकानात येतं आणि विचारतं, ही काय भानगड आहे? मी पोत्यावर बसलेला असतो. मी सांगतो. ते हसतात, एकमेकांकडे बघतात आणि ओलेटाबाईंकडे वळतात. "खरं आहे," ओलेटाबाई म्हणतात. तेवढंच. आणि त्या माणसांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी मी आयुष्यभर बोलत आलो, हे मला आत्ता कळलं.

गेल्या आठवड्यात एकाला सांगताना माझ्या तोंडून एकवीस निघालं. ओलेटाबाईंनी फक्त काठी आणून माझ्यासमोर काउंटरवर ठेवली.

"आणि पाऊण," मी म्हणालो. "वीस आणि पाऊण."